एका तंबाखूच्या शेताचे वारस: नॉर्थ कॅरोलायनातल्या सहा पिढ्यांचा माग

(ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातली नावं आणि काही तपशील बदलले आहेत. आडनावांच्या जागी ‘ब’ आणि ‘ह’ ही अक्षरं वापरली आहेत.)

पार्श्वभूमी

नॉर्थ कॅरोलायनाच्या उत्तर टोकाला, व्हर्जिनियाच्या हद्दीला लागून व्हान्स काउंटी आहे. लाल माती, पाइनची झाडी आणि जागोजागी मोडकळीला आलेली, तंबाखू वाळवायची उंच लाकडी कोठारं. इथे एका कृष्णवर्णीय कुटुंबाची चाळीसेक एकर जमीन आहे. ती 1919 साली आजोबांनी, म्हणजे जेम्स यांनी, विकत घेतली. त्या हंगामात तंबाखूचा भाव चढलेला होता आणि आयुष्यभर दुसऱ्याची जमीन अर्धेलीनं करणाऱ्या अनेकांना पहिल्यांदाच स्वतःचं शेत घ्यायचं धाडस झालं. पुढच्याच वर्षी भाव कोसळला. बऱ्याच जणांच्या जमिनी गेल्या, जेम्स यांची टिकली.

जेम्स 1957 साली मृत्युपत्र न करता वारले. सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव आणि खाली वारसांची रांग वाढत चाललेली, हे चित्र आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. अमेरिकेच्या दक्षिणेत त्याला ‘हेअर्स प्रॉपर्टी’ म्हणतात आणि कृष्णवर्णीयांच्या हातून जमीन जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. एखाद्या दूरच्या वारसानं आपला बारीकसा हिस्सा बिल्डरला विकला, की तो बिल्डर वाटणीचा दावा लावून सगळी जमीन लिलावात काढू शकतो. ते होऊ नये म्हणून वकिलानं आधी वारसांची पक्की यादी मागितली.

यादीचं काम जेम्स यांच्या नातीनं, निवृत्त शिक्षिका मिस एला यांनी अंगावर घेतलं. (दक्षिणेत वडीलधाऱ्या बाईला पहिल्या नावामागे ‘मिस’ लावूनच हाक मारतात, लग्न झालेलं असो वा नसो.) मी राज्याची राजधानी रॅली, तिच्याजवळ राहतो आणि जुने कागद शोधणाऱ्यांना हौसेनं मदत करतो. वकिलाला हवी होती ती यादी जेम्स यांच्यापासून खाली यायची आणि ती तुलनेनं लवकर झाली. पण मिस एलांना वर जायचं होतं.

अडचण

वरची वाट दोन ठिकाणी अडली होती. पहिली अडचण दिसायला मोठी, सुटायला सोपी. 1900 च्या जनगणनेत कुटुंब व्हान्स काउंटीत दिसतं, 1880 मध्ये तिथे नाही. ‘लोक कुठून तरी स्थलांतर करून आले असणार’ असं नातेवाइकांनी धरलं होतं. प्रत्यक्षात कुटुंब हललंच नव्हतं. ग्रॅनव्हिल, फ्रँकलिन आणि वॉरन या तीन काउंट्यांचे तुकडे घेऊन व्हान्स काउंटी 1881 मध्ये तयार झाली. जुनी काउंटी ओळखल्यावर (तिघींपैकी कोणती ते मुद्दाम सांगत नाही) 1880 मध्ये मिस एलांचे पणजोबा विलिस सापडले: वय 23, शेतमजूर. मधली 1890 ची जनगणना कुणालाच मिळत नाही. 1921 च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली, तीत आणि नंतरच्या हेळसांडीत ती जवळजवळ सगळी गेली.

दुसरी अडचण खरी होती. संशोधक तिला ‘1870 ची भिंत’ म्हणतात. गुलामगिरीत असलेल्या माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा लिहिली गेली ती 1870 साली. त्याआधीच्या 1850 आणि 1860 च्या वेगळ्या तक्त्यांत मालकाचं नाव आहे आणि त्याखाली नुसती वयं, लिंग आणि रंग. ‘स्त्री, 26, काळी’. बस.

1870 मध्ये विलिस 13 वर्षांचे, घरात आयझॅक (40) आणि चॅरिटी (36). हे आईबाप असणार असं वाटतं, पण त्या वर्षीच्या तक्त्यात नात्याचा रकानाच नव्हता, तो 1880 पासून आला. विलिस यांच्या 1926 च्या मृत्यूदाखल्यात वडील आयझॅक आणि आई चॅरिटी अशी नावं आहेत. माहिती देणारा मुलगा जेम्स. त्यानं आजीचं माहेरचं आडनाव सांगितलेलं नाही.

कोणते मार्ग समोर होते

कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली जात होती: आपलं आडनाव ‘ब’, जवळच ‘ब’ नावाच्या बड्या जमीनदाराचा मळा होता, म्हणजे आपण त्यांच्याकडचे. दुसरी गोष्ट चॅरिटीबद्दल होती: तिचे केस लांब, सरळ होते, ती ‘इंडियन’ होती, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी.

पहिला मार्ग अर्थातच ‘ब’ जमीनदाराचा. अशा बड्या घराण्यांचे कागद चांगले जपलेले असतात, चॅपल हिलच्या विद्यापीठाच्या दक्षिणी इतिहास संग्रहात तर खोकीच्या खोकी भरून आहेत. मिस एलांनी मी भेटण्याआधीच तिथे बराच वेळ घातला होता आणि योग्य वयाचा आयझॅक त्यांना कुठेही मिळाला नव्हता. तरी मन निघत नव्हतं. स्वतंत्र झालेल्या माणसानं शेवटच्या मालकाचं आडनाव घेतलं असेल हे गृहीतक फार लोकप्रिय आहे आणि फार वेळा चुकतं. कुणी आधीच्या मालकाचं नाव घेई, कुणी बापाचं, कुणी मनाला येईल ते. शिवाय काहींनी ते गुलामगिरीतच आपसांत वापरलेलं असे, मालकाला पत्ताही नसे.

दुसरा मार्ग थेट डीएनए चाचणीचा. जाहिराती बघून बहुतेकांना हीच पहिली पायरी वाटते. माझं मत विरुद्ध होतं. कागद हाताशी नसताना डीएनए जुळणाऱ्या हजारो अनोळखी माणसांची यादी मिळते आणि त्यातला कोण कुठल्या फांदीचा हे सांगायला काहीच नसतं.

तिसरा मार्ग कंटाळवाणा होता: आडनाव बाजूला ठेवायचं आणि जमीन व शेजारी पकडायचे. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतली बहुतेक कुटुंबं लगेच लांब गेली नाहीत. पैसा नव्हता, बैल-खेचरं नव्हती, नातेवाईक आसपासच्या शेतांवर विखुरलेले होते. त्यामुळे 1870 मध्ये माणूस ज्याच्या शेजारी राहतो, त्याच्या कागदांत तो 1860 मध्ये सापडण्याची शक्यता बऱ्यापैकी असते. आम्ही हाच मार्ग घेतला. मिस एला एका अटीवर तयार झाल्या: ‘ब’ मळ्याचा नाद सोडायचा नाही, फक्त पुढे ढकलायचा.

काय केलं

आधी एक गोष्ट तपासून बाजूला ठेवायची होती. 1860 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात 3,31,059 माणसं गुलामगिरीत होती, पण 30,463 कृष्णवर्णीय मुक्तही होते, म्हणजे बारांत एक. ग्रॅनव्हिल आणि आसपास तर अशी मुक्त कुटुंबं बऱ्यापैकी होती. ती 1850 आणि 1860 च्या सर्वसाधारण जनगणनेत नावानिशी आहेत. बरेच लोक हे न बघताच पूर्वज गुलाम होते असं धरून चालतात आणि हातातला सोपा पुरावा सोडतात. आम्ही दोन्ही वर्षं पाहिली. आयझॅक, चॅरिटी कुठेही नाहीत.

मग 1866 ची नोंदवही. गुलामगिरीतल्या लग्नांना कायद्यात किंमत नव्हती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये राज्यानं कायदा केला की पूर्वी गुलाम असलेल्या आणि नवराबायको म्हणून राहणाऱ्या जोडप्यांनी काउंटीच्या कारकुनापुढे किंवा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे यावं, एकत्र राहायला कधी सुरुवात केली ते सांगावं आणि 25 सेंट भरून नोंद करावी. न आल्यास गुन्हा. हेतू फारसा उदात्त नव्हता, पण वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीनं या नोंदींसारखं दुसरं काही नाही. सगळ्या काउंट्यांच्या वह्या टिकल्या नाहीत. आमची टिकली होती. त्यात एका ओळीत आयझॅक ‘ब’ आणि चॅरिटी ‘ह’, एकत्र राहून 11 वर्षं.

चॅरिटीचं स्वतःचं आडनाव. साठ वर्षांनंतरच्या मृत्यूदाखल्यात जे नव्हतं ते इथे होतं.

हातात ‘ह’ आल्यावर 1870 चं तेच पान पुन्हा वाचलं. विलिस यांच्या घराच्या लगेच पुढच्या घरात डायना ‘ह’, वय 62, काळी, घरकाम. तिच्यापलीकडे गोऱ्या ‘ह’ कुटुंबातली एक विवाहित मुलगी आणि तिचा नवरा, स्वतःची जमीन असलेला शेतकरी. हे पान मिस एलांनी आधी कितीदा तरी पाहिलं होतं, पण फक्त ‘ब’ची ओळ वाचायला.

गोरा ‘ह’ बडा जमीनदार नव्हता. दक्षिण म्हटलं की खांबांचा पांढरा वाडा डोळ्यांसमोर येतो. या घरात मात्र दहा-बारा माणसं गुलामगिरीत होती आणि मालक स्वतःही शेतात उतरत असावा. तो 1851 मध्ये मृत्युपत्र न करता वारला. हे आमच्या पथ्यावर पडलं, कारण मृत्युपत्र नसलं की कोर्टाला मालमत्तेची मोजदाद आणि वाटणी करावी लागते आणि तिचे कागद होतात. रॅलीच्या राज्य अभिलेखागारात त्याची इस्टेटीची फाइल निघाली. 1852 च्या वाटणीत माणसांचे ‘लॉट’ पाडले आहेत. ‘डायना’ आणि ‘चॅरिटी’ ही नावं लागोपाठ, एकाच लॉटमध्ये, धाकट्या मुलीच्या वाट्याला. चॅरिटीसमोरची किंमत डायनाच्या दुपटीहून जास्त: ती अठराची होती, आई चव्वेचाळिशीची. धाकट्या मुलीला जास्तीच्या किमतीचा लॉट गेला म्हणून तिनं भावाला फरकाचे पैसे द्यावेत, असंही खाली लिहिलं आहे.

इथे थांबून निर्णय घ्यावा लागला. 1852 ची चॅरिटी आणि 1866 ची चॅरिटी एकच हे सिद्ध झालं का? नाव काही दुर्मीळ नव्हतं. वाटणीच्या कागदात ‘आई’ किंवा ‘मुलगी’ असा शब्दही नाही. मिस एला लगेच वंशवृक्षात नाव घालायला निघाल्या होत्या. मी अजून एक दुवा मागत होतो. तो दोन बाजूंनी मिळाला. धाकट्या मुलीच्या नवऱ्याच्या नावावर 1860 च्या तक्त्यात 52 वर्षांची स्त्री, 26 वर्षांची स्त्री आणि 3 वर्षांचा मुलगा आहे. डायना, चॅरिटी आणि विलिस यांच्या वयांशी हे तंतोतंत जुळतं, पण नाव नसलेली वयं एकट्यानं काहीच सिद्ध करत नाहीत. जास्त वजनदार पुरावा काउंटीच्या दस्त कार्यालयात, पिकांच्या गहाणखतांच्या वहीत होता. 1886 मध्ये विलिस यांनी खत आणि धान्याच्या उधारीपोटी उभा तंबाखू आणि एक खेचर गहाण टाकलं, आणि त्या खतात शेताचं वर्णन ‘ह’च्या त्याच धाकट्या मुलीची जमीन असं आहे. आई जिथे वाट्याला आली, तिथेच मुलगा चौतीस वर्षांनी अर्धेलीनं राबत होता.

या वह्यांकडे फारसं कुणी फिरकत नाही. अनुक्रमणिका धड नाही, अक्षर वाईट, मजकूर त्याच त्या साच्याचा. पण ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांच्याबद्दल खरेदीखतं गप्प असतात आणि गहाणखतं बोलतात.

डीएनएचा प्रश्न

कागदांनी एक गोष्ट उघडी ठेवली होती. 1870 च्या रंगाच्या रकान्यात डायना ‘बी’, म्हणजे काळी, आणि चॅरिटी ‘एम’, म्हणजे मिश्रवर्णी. हा शेरा गणना करणाऱ्याच्या नजरेवर असे, त्यावर भार टाकता येत नाही. पण ‘इंडियन’ असण्याची कथाही होती आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, कारण शेजारच्या वॉरन आणि तिच्यापलीकडच्या हॅलिफॅक्स काउंट्यांत हालिवा-सपोनी ही मूळ अमेरिकी जमात आजही आहे.

आता डीएनएचा उपयोग होता. चाचणी कुणाची करायची? नातं जितकं लांबचं, तितका सामाईक डीएनए विरळ. चौथ्या फळीच्या चुलत भावंडांत (सामाईक पूर्वज पाच पिढ्या मागे) जवळजवळ निम्म्या जोड्यांमध्ये काहीच जुळत नाही. म्हणून सर्वांत वरच्या पिढीचा नमुना हवा: मिस एलांची आत्या, वय 94, तरुणपणीच गाव सोडून न्यू जर्सीत स्थायिक झालेली.

आत्याबाईंनी नाही म्हटलं. ‘सरकारी डॉक्टरांनी आपल्या लोकांचं रक्त घेऊन काय केलं ते मला शिकवू नकोस.’ रोख टस्कीगीच्या सरकारी प्रयोगाकडे होता, जिथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचाराविना नुसता निरखला गेला. ही भीती अडाणीपणाची नव्हती. एका भाच्यानं ‘नमुना घेताना काय ते सांगू नका, नुसती गालात काडी फिरवा’ असा सल्ला दिला, तो मिस एलांनी जागच्या जागी मोडला. ठरलं असं: खातं आत्याबाईंच्याच नावावर, पोलिसांना किंवा संशोधनाला माहिती देण्याचे पर्याय बंद, निकाल आधी त्यांना, आणि त्यांनी सांगितलं तर खातं पुसून टाकायचं. काही महिन्यांनी त्यांनी स्वतःच फोन करून होकार दिला.

निकालात मूळ अमेरिकी वंशाचा मागमूस नव्हता. मात्र गोऱ्या ‘ह’च्या दोन वेगवेगळ्या मुलांच्या वंशजांपैकी तिघांशी डीएनए जुळला. म्हणजे चॅरिटीचा बाप ‘ह’ घरातला होता याची शक्यता दाट झाली. कोण, ते डीएनए सांगू शकत नाही. चॅरिटी जन्मली तेव्हा म्हातारा ‘ह’ आणि त्याचा थोरला मुलगा, दोघेही वयानं बसतात. धाकटा तेव्हा पोर होता. बाप म्हातारा असेल, तर 1852 मध्ये चॅरिटी आपल्याच सावत्र बहिणीच्या वाट्याला गेली. थोरला असेल, तर आत्याच्या.

लांब सरळ केसांची गोष्ट कुणी आणि का रचली असेल, यावर मिस एलांनी एवढंच म्हटलं की मुलांना काहीतरी सांगावं लागतं.

जुळलेल्या तिघांना कळवायचं का, यावर कुटुंबात दोन तट पडले. चर्चमध्ये डीकन असलेल्या चुलतभावाचं म्हणणं, त्यांच्या दारात आपण कशाला जायचं? मिस एलांना कागद हवे होते. शेवटी पत्र अगदी आखूड लिहिलं: आमचे पूर्वज तुमच्या पूर्वजांच्या शेतावर होते, घरच्या जन्ममृत्यूच्या नोंदी असलेलं जुनं बायबल किंवा हिशेबवही असल्यास प्रत मिळेल का. बापाबद्दल अवाक्षर नाही. एकानं उत्तर दिलं नाही, एकानं संपर्कच बंद केला. तिसऱ्या बाईंनी 1840 च्या दशकातल्या हिशेबवहीच्या पानांचे फोटो पाठवले. हिवाळ्यात वाटलेल्या वस्तूंची यादी: कुणाला बूट, कुणाला घोंगडी. त्यात डायना आहे आणि तिच्या नावाखाली ‘तिची चॅरिटी’.

वाटणीच्या कागदात जे नातं लिहिलेलं नव्हतं, ते असं हातात आलं.

निष्पत्ती

वारसांची यादी वकिलाकडे गेली. जमीन अजून विकलेली नाही. एकत्र ठेवायची की वाटायची, यावर भांडण चालू आहे आणि त्याचा वंशावळीशी संबंध नाही.

वंशवृक्षात मिस एलांपासून डायनापर्यंत सहा पिढ्या आहेत, साधारण 1808 पासून. चॅरिटीच्या बापाच्या जागी ‘ह कुटुंबातला पुरुष, कोण ते अनिश्चित’ असं लिहिलं आहे. म्हाताऱ्या ‘ह’चं नाव घालून मागची इंग्लंडपर्यंतची तयार वंशावळ जोडण्याचा मोह एका पुतण्याला झाला होता. तो बहुमतानं नाकारला गेला. ऑगस्टमधल्या कुटुंबमेळाव्यात हे पान आत्याबाईंच्या परवानगीनं वाचलं गेलं. दोघे-तिघे उठून बाहेर गेले, नंतर जेवायला परत आले.

वेगळं काय करता आलं असतं

गहाणखतांच्या वह्या शेवटी न बघता सुरुवातीलाच बघायला हव्यात. विलिस कोणाची जमीन कसत होते हे 1886 च्या एका पानावरून कळलं असतं आणि ‘ह’ नाव दुसऱ्या दारानं, लवकर आलं असतं. अर्धेलीनं शेती केलेल्या कुठल्याही कुटुंबाला मी आता हेच सांगतो.

वृद्धांचे नमुने लवकर घ्यावेत, असा सल्ला सगळेच देतात. या प्रकरणात घाई केली असती, तर आत्याबाईंचा नकार कायमचा झाला असता असं मला वाटतं. घाई करायची ती त्यांच्या आठवणी नोंदवण्याची; त्याला काडी लागत नाही. त्यांच्या कपाटात चाळीस-पन्नास अंत्यविधींच्या छापील पत्रिका होत्या, प्रत्येकीत मृताचे आईबाप, भावंडं, गाव. त्या पहिल्याच भेटीत पाहायला मिळाल्या असत्या तर वारसांच्या यादीचं अर्धं काम तिथेच झालं असतं.

इंटरनेटवर कुणीतरी फार पूर्वी आयझॅक यांना ‘ब’ जमीनदाराच्या मळ्याशी जोडून ठेवलं आहे आणि ते कित्येकांनी उतरवून घेतलं आहे. आम्ही आमचा पुरावा काम संपल्यावर टाकला. ‘ब’ मळ्याच्या कागदांत आयझॅक नाही, एवढी नकारात्मक नोंद तरी आधी टाकायला हरकत नव्हती.

आयझॅक यांचं कोडं तसंच आहे. कुटुंब ज्यांचं आडनाव आजही लावतं, त्यांच्याच मागे 1866 च्या पलीकडे एकही कागद नाही. फ्रीडमन्स ब्युरोचे (मुक्त झालेल्या गुलामांसाठीचं केंद्र सरकारचं खातं) मजुरीचे करार आणि त्यांच्याचसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या रॅली शाखेच्या नोंदी पाहायच्या राहिल्या आहेत. त्याच आडनावाची छोट्या शेतकऱ्यांची दोन-तीन घरं हद्दीपलीकडे व्हर्जिनियाच्या मेक्लेनबर्ग काउंटीत होती, आणि तिथली बक्षीसपत्रं मिस एलांनी वाचायला घेतली आहेत.